मदत हवी आहे : नऊ वर्षांच्या मुलीसाठी धर्मनिरपेक्ष होमस्कूल अभ्यासक्रम

मुलगी जूनपासून घरीच शिकतेय. आम्ही वारज्यात राहतो, दोघंही नोकरीत. माझं काम घरून, पण दहाला कॉल सुरू झाले की मी संपले. सकाळचा दीड तास माझा. दुपारी आजी असते (मराठी वाचन तिच्याकडे, ते छान चाललंय).

बालभारती आणि एनसीईआरटीच्या पीडीएफ वापरून पाहिल्या. पुस्तकं चांगली आहेत, पण रोज काय आणि किती घ्यायचं हे रात्री मलाच आखावं लागतं, तिथेच गाडी अडते. मग एक अमेरिकन तयार संच मागवला. विज्ञानाच्या तिसऱ्याच धड्यात बायबलच्या हिशेबाने पृथ्वीचं वय 6,000 वर्षं! गणितात इंच, पौंड, सेंट. गेला माळ्यावर.

14 पूर्ण झाल्यावर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय, शाळेत न जाता परीक्षा देता येते) दहावी द्यायचं ठरलंय, म्हणून बोर्डाचा प्रश्न आत्ता नको. इंग्रजी माध्यम चालेल. वर्षाला 15 हजारांपर्यंत खर्च, स्क्रीन कमीत कमी.

फक्त गणित आणि विज्ञानासाठी, रोजचा पाठ आखून दिलेला, मेट्रिक मापांचा आणि मूल बरंचसं स्वतः करू शकेल असा अभ्यासक्रम कुणी निदान वर्षभर वापरलाय का? त्यात पालकाचा रोज खरा वेळ किती गेला?