दोन मिनिटांत वायरलेस? आमच्या घरी येऊन दाखवा

शिकवणीबाई
काल टेक्नोभावा यांनी इथं लिहिलं होतं: "लॅपटॉप टीव्हीला लावायला अजून एचडीएमआय केबल ओढणाऱ्यांनी म्युझियममध्ये जाऊन बसावं. विंडोजची की आणि के दाबा, दोन मिनिटांत काम. एवढंही जमत नसेल तर टीव्ही विका आणि रेडिओ घ्या." खाली अंगठ्यांची रांग लागली होती. रात्री वाचलं आणि झोप गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

परवा शनिवारी नणंदेच्या मुलीचं पुण्यात शाळेचं गॅदरिंग होतं, यूट्यूबवर थेट. सासू-सासरे साडेपाचपासून सोफ्यावर. सासऱ्यांनी तर इस्त्रीचा शर्ट घातला, जसं काही तिकडून पुणेकरांना हे दिसणार होते. पोरीचा नाच तिसऱ्या नंबरला. मी ऐटीत विंडोजची की आणि के दाबली. यादीत एकच टीव्ही आला, नाव 'लिव्हिंग रूम'. आपलाच म्हणून दाबला. आमचा टीव्ही ढिम्म. दोन मिनिटांत (हीच ती दोन मिनिटं!) वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडल्या, "अगं, माझ्या मालिकेवर कुणाचा तरी लॅपटॉप येऊ का विचारतोय!"

मग टीव्ही बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू, वायफाय बंद-चालू. प्लॅस्टिकच्या कव्हरातला रिमोट, त्याचं ओके बटण अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबायचं. तोवर तिसरा नंबर संपून कोळीगीत सुरू. शेवटी नाच मोबाईलवर मागं नेऊन बघितला. सासूबाई म्हणाल्या, "आपली कुठली गं? सगळ्या पिवळ्याच दिसतात." सासरे म्हणाले, "पूर्वी कौलावर चढून अँटिना फिरवायचो. पण दिसायचं ते आपल्याच घरात."

दोन मिनिटं ज्यानं आधीच सगळं जुळवून ठेवलंय त्याची. बाकी घराची नाहीत. केबलचं एक टोक इकडं, एक तिकडं, रिमोटवर इनपुट बदलायचा. सासूबाईंना जमतं. कोण मागासलेलं ते तुम्हीच ठरवा.

टेक्नोभावा
मॅडम, राग समजला. पण चूक वायरलेसची नाही, तुम्ही चुकीच्या दारात जाऊन कडी वाजवलीत. विंडोजची की आणि के मिराकास्टचा टीव्ही शोधते (मिराकास्ट म्हणजे लॅपटॉपचा पडदा तारेशिवाय टीव्हीवर दाखवायची एक पद्धत). मिराकास्ट २०१२ ला आलं, विंडोज ८.१ पासून आतच बसवलेलं आहे. त्याला राउटर लागत नाही, लॅपटॉप थेट टीव्हीशी बोलतो, म्हणून वरच्या काकूंचा टीव्ही दिसला. तुमचा अँड्रॉइड टीव्ही असणार. त्यातल्या बऱ्याच टीव्हींत मिराकास्ट नसतं, गुगलचं कास्ट असतं. त्यासाठी क्रोममध्ये उजवीकडं वर तीन टिंबं, त्यात कास्ट. यूट्यूब असेल तर व्हिडिओवरच चौकोनाचं चिन्ह येतं. फक्त दोन्ही वस्तू एकाच वायफायवर पाहिजेत. विषय संपला.

शिकवणीबाई
म्हणजे काल "की आणि के, दोन मिनिटांत काम" आणि आज मिराकास्ट, कास्ट, तीन टिंबं, एकच वायफाय. हे कालच्या पोस्टीत लिहायला शाई संपली होती का?

फाउंड्रीवाला
बाईंना शंभर टक्के पाठिंबा. पंचवीस वर्षं शिरोली एमआयडीसीत मशिनं चालवली. ज्यात हलणारं आणि अदृश्य असं काही नाही तेच टिकतं. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट (टीव्हीला लावायचं गुगलचं कास्टचं यंत्र) एकाच वेळी जगभर बंद पडले होते, ते आठवतंय का कुणाला? आतल्या, ओळख पटवणाऱ्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून. वस्तू धडधाकट, कागद मेला. तांब्याच्या तारेला एक्सपायरी ऐकलीय कधी?

आजीचा_नातू
काका, तारेला एक्सपायरी नसते, माणसाला असते. आमच्या आजीचा पाय त्याच तारेत अडकला. सोफ्यापासून टीव्हीपर्यंत सात मीटर केबल, मधून जायचा रस्ता. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, दोन महिने अंथरुणात. तांब्याचं कौतुक आमच्या घरात करू नका.

फाउंड्रीवाला
आजींचं वाईट झालं. पण केबल फरशीवर सोडली कुणी? भिंतीच्या कडेनं केसिंग पट्टीतून न्यायची असते. इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात मारून देतो.

आजीचा_नातू
टीव्ही भिंतीला चिकटवून ठोकलाय. मागं बोट जात नाही. एचडीएमआयचं भोक कुठं आहे बघायला मोबाईल फटीत घालून फोटो काढावा लागतो. पट्टी मारली तरी पिन खुपसणार कशी, मंत्रानं? आणि "सोडली कुणी" हे विचारायची पद्धत नाही, काका.

सफरचंद_शाहूपुरी
माझ्याकडं मॅकबुक, टीव्ही फक्त मिराकास्टवाला. मॅकला एअरप्ले (ॲपलची स्वतःची पद्धत) कळतं, मिराकास्ट कळत नाही. एका खोलीत दोघं, भाषा वेगळी. शेवटी केबलच. तीही टाइप-सीवाली, साध्या केबलपेक्षा महाग.

गंगावेस_कट्टा
केबलवाल्यांच्या बाजूनं आमचा पण अनुभव घ्या. १८ डिसेंबर २०२२, वर्ल्ड कप फायनल, अर्जेंटिना-फ्रान्स. आमची गल्ली अर्धी अर्जेंटिना, अर्धी ब्राझील, ब्राझीलवाले फ्रान्सच्या बाजूनं बसलेले, निव्वळ जळकेपणा. तालमीच्या हॉलमध्ये एका भावानं ॲप लॅपटॉपवर लावून वायरलेसनं टीव्हीवर टाकलं. ८० व्या मिनिटाला समोरच्या बिल्डिंगमधून बोंब आली. आमच्या टीव्हीवर अजून कुणी पेनल्टी मारायला उभं पण नव्हतं! फ्रान्सच्या एम्बाप्पेचा पहिला गोल बघून आम्ही सावरतोय तोवर समोर दुसऱ्याची बोंब झाली. त्याचे दोन्ही गोल आधी कानानं बघितले. आणि पेनल्टी शूटआउटला लॅपटॉप झोपला, चार्जर कुणीतरी मोबाईलसाठी काढला होता. अर्जेंटिनाच्या मॉन्टिएलची शेवटची पेनल्टी आम्ही फटाक्यांवरून ओळखली. तेव्हापासून वायरलेसचं नाव काढलं की तालमीत शिव्या बसतात.

टेक्नोभावा
भावा, वाईट वाटलं, मी पण अर्जेंटिनाच. पण हिशोब नीट कर. ॲपवरचं थेट प्रक्षेपणच डिशच्या मागं असतं, कधी कधी अर्धा मिनिट. वायरलेसनं त्यात सेकंदाच्या आतली भर पडते, कारण लॅपटॉप प्रत्येक चित्र दाबून बारीक करून पाठवतो आणि टीव्ही ते उलगडतो. गेम खेळताना ते जाणवतं, मॅच बघताना नाही. केबल लावली असती तरी समोरची बोंब आधीच आली असती. आणि चार्जर काढला त्याला वायरलेस काय करणार?

गंगावेस_कट्टा
बरं, बोंबेचं मान्य. चार्जरवाल्याचं नाव पण आम्हाला ठाऊक आहे, इथं लिहीत नाही. पण तू त्या दिवशी तिथं असतास तर हा हिशोब सांगून जिवंत घरी गेला नसतास.

पांढरा_रस्सा
वायरलेसचा खरा धोका कुणी बोललाच नाही. तो अख्खी स्क्रीन दाखवतो. दिवाळीत साडू सहकुटुंब जेवायला. मी थायलंडचे फोटो टीव्हीवर लावले. दोनशे झाले असतील. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडं राहिलेलं, आणि ४३ इंचावर कोपऱ्यात बायकोचा मेसेज: "यांना अजून किती फोटो दाखवणार? रस्सा तिसऱ्यांदा गरम केलाय, फुटायला लागलाय." साडूनं मोठ्यानं वाचला. 'यांना' म्हणजे कोण यावर आजही चर्चा चालू आहे.

फाउंड्रीवाला
केबल असती तरी मेसेज दिसलाच असता. ते राहू द्या. पांढरा रस्सा तिसऱ्यांदा गरम करतात का कधी?

राजारामपुरी_सून
वहिनींचा काय दोष! दोनशे फोटो संपेपर्यंत नारळाचं दूध टिकणार कसं? उकळी आली की फुटणारच. पाहुणे ताटावर बसले की मगच दूध घालायचं आणि मंद आचेवर एक वाफ. तोवर नुसतं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, गरम ठेवायचं.

उचगावकर
म्हणून काजूची पेस्ट घालावी. फुटायचा प्रश्नच नाही. कितीही वेळा गरम करा.

राजारामपुरी_सून
काजूचा दाट रस्सा हॉटेलात मिळतो, चमच्यानं कापून खायचा. घरचा पांढरा रस्सा वाटीनं प्यायचा असतो. खसखस, तीळ, नारळाचं दूध. संपलं.

उचगावकर
आमच्या आईच्या हातचा काजूचाच असतो आणि तालुक्यातून लोक येतात. हॉटेलचा म्हणू नका. आईवर जायचं नाही.

राजारामपुरी_सून
आईवर कोण गेलं? काजूवर बोलले मी.

फाउंड्रीवाला
मटण नीट शिजवून अळणीच दमदार काढलं की त्यात काजू लागत नाही आणि खसखस पण नावालाच. हल्ली कुकरच्या चार शिट्ट्या मारतात आणि मग पांढरं करायला डबा उघडतात. नुसता रंग पांढरा, चव पाण्याची.

राजारामपुरी_सून
काका, तुम्ही शेवटचा रस्सा स्वतः कधी केलात ते सांगा, मग कुकरवर बोलू. सकाळी डबे, दुपारी नोकरी, संध्याकाळी तुमच्यासारखे पाहुणे. चूल पेटवून चार तास बसायला वेळ कुणाला आहे?

फाउंड्रीवाला
आमच्या यात्रेला दर वर्षी बोकडाच्या डेगीवर मीच असतो.

राजारामपुरी_सून
वर्षातून एक दिवस, भांडी घासायला दुसरे. जाऊ दे.

पांढरा_रस्सा
मंडळी, माझ्या आयडीवरून कुणी भांडू नका. आमचा काजूचा नाही. आणि तो फुटला तरी साडूनं तीन वाट्या प्याल्या.

उचगावकर
फुटलेला रस्सा तीन वाट्या प्यायला, कारण फोटोंपासून सुटका झाली. दोनशे फोटो दाखवायचे म्हणजे पाहुण्यांना कोंडून ठेवणं. आमच्याकडं एकानं पन्हाळ्याचे फोटो टीव्हीवर दाखवले. पन्हाळा! आम्ही गच्चीवरून बघतो रोज.

आजीचा_नातू
धागा कशाचा होता, आठवतंय का कुणाला?

टेक्नोभावा
मीच आणतो परत. त्या मेसेजवरचा उपाय: स्क्रीन दाखवताना 'डुप्लिकेट' ठेवू नका, 'एक्स्टेंड' करा. विंडोजची की आणि पी. मग टीव्ही वेगळा पडदा होतो, त्यावर फक्त फोटो सरकवायचे, मेसेज लॅपटॉपच्याच पडद्यावर येतो. आणि क्रोममधून नुसती एक टॅब कास्ट केली तर बाकी काहीच दिसत नाही. यूट्यूब कास्ट केलं तर टीव्ही इंटरनेटवरून स्वतःच व्हिडिओ ओढतो, लॅपटॉप नुसता रिमोट. मध्येच दुसरं काम करा, फरक पडत नाही. हे केबलला जमत नाही.

सफरचंद_शाहूपुरी
आणि ओटीटीवरचा सिनेमा टॅबमधून कास्ट केला की कधी कधी आवाज येतो, चित्र काळं. कॉपी संरक्षण म्हणे. पैसे भरून अंधार बघायचा.

टेक्नोभावा
ते खरं आहे. त्यासाठी टीव्हीतलंच ॲप उघडावं. लॅपटॉपची गरजच नाही.

फाउंड्रीवाला
म्हणजे वायरलेसवर उपाय काय, तर वायरलेस वापरू नका. बरोबर.

शिकवणीबाई
दिवसभर रश्श्यावर चर्चा करणाऱ्यांनो, मी घरी प्रयोग करून आले. टेक्नोभावांनी सांगितलं तसं क्रोममधून. पहिल्यांदा टीव्ही सापडलाच नाही. मग लक्षात आलं, लॅपटॉप माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होता, शिकवणीच्या वेळी घरचं वायफाय मुलं खातात म्हणून, आणि टीव्ही घरच्या वायफायवर. एकाच वायफायवर आणल्यावर लागला. वीस सेकंदांत, हे कबूल करते, दात खाऊन. पण हे कळायला शनिवार ते सोमवार गेला, तो धरला तर दोन मिनिटं कुठं आणि तीन दिवस कुठं!

सासऱ्यांनी गॅदरिंग परत पहिल्यापासून लावायला सांगितलं, कोळीगीतासकट. शर्ट मात्र आज साधा होता. सासूबाईंना पोर सापडली, डावीकडून दुसरी. केबल टाकून दिलेली नाही, कपाटात आहे, गुंडाळून. आजीच्या नातवाचं वाचून फरशीवरून उचलली, तेवढं श्रेय त्यांना.

टेक्नोभावा
मॅडम, अभिनंदन. एक विचारू? ती केबल किती मीटरची आहे?

शिकवणीबाई
दहा. का?

टेक्नोभावा
शनिवारी आमच्या हॉलमध्ये मॅच आहे. चाळीस पोरं, चाळीस मोबाईल, सगळ्यांचं वायफाय चालू. रिस्क नको वाटते.

गंगावेस_कट्टा
😂😂😂 स्क्रीनशॉट घेतलाय भावा, पुसून उपयोग नाही.

फाउंड्रीवाला
बाई, डिपॉझिट घ्या. आणि पट्टीतून न्यायला सांगा.

शिकवणीबाई
डिपॉझिट म्हणून कालची पोस्ट मागं घ्या. रेडिओवालं वाक्य तरी. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत येऊन न्या, त्यानंतर बॅच असते.