मदत हवी आहे: भाचीच्या 'आजारां'बद्दल ताईला सांगू की नको?

पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

माझी भाची, वय 17, बारावीसाठी आमच्याकडे पुण्यात राहते. ताई-भावजी सांगलीला. पोरगी गुणी आहे, न सांगता स्वतःचं ताट घासून ठेवते. महिन्यापूर्वी माझ्या लेकाने तिचं दुसरं इन्स्टा अकाउंट दाखवलं. बायोत ओळीनं लिहिलंय: एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चुळबुळ), ओसीडी (नको ते विचार आणि तेच तेच करत राहणं), टुरेट्स (अंग आपोआप झटकणं, तोंडातून आवाज निघणं, त्यालाच टिक म्हणतात). यातलं एकही निदान कुणी केलेलं नाही. इथे आल्यापासून ती गेलीय ती फक्त दातांच्या डॉक्टरकडे.

रीलमध्ये मान झटकन डावीकडे जाते, तोंडातून शिट्टीसारखा आवाज येतो, मग हसून 'सॉरी, टिक आली'. खाली बदामांचा पाऊस आणि 'किती धीराची आहेस गं'. एका रीलमध्ये पोळी लाटताना मान झटकते आणि लाटणं खाली पडतं. आता लाटणं माझं, ओटा माझा, आणि त्या दुपारी मी आतल्या खोलीत होते. लाटणं पाच वेळा पडलेलं मी ऐकलंय! उठून आले तर बाई फोन डब्याला टेकवून केस सारखे करत होत्या. मला बघून म्हणाली, "मावशी, पोळी गोलच येत नाहीये."

भयंकर राग आला होता. पण गेल्या गुरुवारी रात्री दीडला पाणी प्यायला उठले. ती हॉलमध्ये केमिस्ट्री घेऊन बसलेली, फोन आत चार्जिंगला. आणि तिची मान झटकली. दोनदा. मी मागे उभी आहे हे तिला माहीतही नव्हतं. तिने हाताने मान दाबून धरली आणि पान उलटलं.

आता मला काही कळेनासं झालंय. नाटक म्हणू की आजार? ताईला सांगितलं तर ती पहिल्या एसटीने येऊन फोन जप्त करेल आणि पोरीला घेऊन जाईल. नाही सांगितलं आणि उद्या काही झालं, तर खापर माझ्यावर.

निवृत्त_नाना: मोबाईल काढून घ्या. आठ दिवसांत टिकबिक पळून जाईल.

नळ_बंद_आहे_ना: नाना, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं.
मला ओसीडी आहे, निदान होऊन नऊ वर्षं झाली. पेनं रंगानुसार लावून 'माझा ओसीडी' म्हणणाऱ्या रील बघितल्या की डोकं फिरतं. गॅस बंद केलाय का बघायला मी स्टेशनवरून चार-चारदा घरी परतलेय, नोकरी गेली त्यात. त्यामुळे तुमच्या भाचीवर मी चिडायला हवं. पण रात्री दीडचं वाचलं आणि चिडता येईना. 'नाटक' हा शब्द तेवढा तिच्यासमोर काढू नका. माझ्या आईने काढला होता. पुढची दोन वर्षं मी कुणापाशी तोंड उघडलं नाही.

डॉ_रातपाळी: मनोविकारांचं काम करतो, पण न बघता निदान करणार नाही. सर्वसाधारण सांगतो.
टुरेट्स बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास सुरू होतं, मुलग्यांत जास्त. सोळा-सतराव्या वर्षी मुलीला एकाएकी टिक सुरू झाल्या की वेगळा विचार करावा लागतो. कोविडच्या काळात बऱ्याच देशांत अशा मुली दवाखान्यांत आल्या. जर्मनीत हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी 2021 साली लिहिलं, की पेशंटच्या तोंडी जी वाक्यं आहेत तीच टुरेट्स असलेल्या एका लोकप्रिय यूट्यूबरच्या तोंडी आहेत. टुरेट्स नाही हे नीट समजावल्यावर त्यातले काही झपाट्याने बरे झाले. म्हणजे मुद्दाम केलेलं आणि आपसूक होणारं यांत दरवेळी भिंत नसते. लाटणं तिने पाडलं असेल, मान कदाचित तिच्याही हातात राहिलेली नाही.
एडीएचडीचं म्हणाल तर लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. तिच्या शाळेच्या दिवसांबद्दल ताईंनाच विचारावं लागेल. शिवाय मुलगी अठराच्या आत आहे, आईवडिलांना टाळून उपचार करता येणार नाहीत. मात्र आधी तिच्याशी बोला. मान झटकली की टक लावून बघू नका, टोकू नका. झोप आणि बारावीचं टेन्शन, तिथून सुरुवात करा. रात्री-अपरात्री गरज वाटली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, नानांचेही.
काल पोळ्या करताना म्हटलं, लाटण्याची रील बघितली मी. ती लाटत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पहिल्यांदा खरंच पडलं होतं गं, पण तेव्हा फोन चालू नव्हता." मग म्हणाली, "मान दुखते."
शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. ताईला आज रात्री दोघी मिळून फोन करणार. अकाउंटचं तिने सांगायचं, मानेचं मी, असं ठरलंय. फोन आधी भावजींनी उचलला तर काय, ते मात्र ठरलेलं नाही.