पद्मिनीत जिप्सीचं इंजिन बसवायचं आहे, बजेट दीड लाख – कुठलं घ्यावं?

मिरजकर_७६

गाडी १९७६ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. बॉडी आणि फ्लोअर ठणठणीत आहेत. इंजिन निळा धूर टाकतंय, ६०० किलोमीटरला लिटरभर ऑइल पितंय आणि स्टिअरिंगवरच्या गिअरचं लिंकेज पार ढिलं झालंय. रंगकाम सोडून बजेट दीड लाख. चौकशीत तीन माल मिळाले आहेत:

१. जिप्सी एमपीएफआयचं, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं इंजिन (जी१३बीबी) गिअरबॉक्ससकट, पण वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नाही.
२. एस्टीमचं ८५ बीएचपीचं इंजिन, वायरिंग आणि ईसीयूसकट.
३. प्रीमियर ११८ एनई, अख्खी गाडी, कागदांसह, बॉडी सडलेली.

सगळ्यात कमी कापाकापीत काय बसेल? मागचा एक्सल तग धरेल का? आणि आरटीओचं काय?

पाना_नंबर_१३

इंजिन निवडायच्या आधी गिअरबॉक्स निवडा. पद्मिनीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, ड्राइव्ह मागच्या चाकांना. त्यामुळे आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे गिअरबॉक्स आपोआप बाद. उभ्या इंजिनाचे सहज मिळणारे माल म्हणजे जिप्सी, ओम्नी, ईको आणि ११८ एनई. ओम्नीचं ७९६ सीसी इंजिन या गाडीला ओढताना रडेल. ईकोचं इंजिन चांगलं आहे, पण ते सीटखाली बसवायला बनवलंय. गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सवर नाही, लिंकेजने येतो. ते लिंकेज पद्मिनीच्या टनेलमध्ये (फ्लोअरच्या मधल्या उंचवट्यात) नीट बसवणं हे वेगळंच प्रकरण.

जिप्सीचा फायदा असा की ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, मध्ये छोटा शाफ्ट असतो. ट्रान्सफर केस बाजूला ठेवली की हातात साधा पाच गिअरचा, मागच्या चाकांचा गिअरबॉक्स उरतो आणि दांडा त्याच्या डोक्यावरच असतो.

एस्टीमचं इंजिन त्याच जी मालिकेतलं असल्यामुळे जिप्सीचं बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) त्याला लागतं. पण ते आडवं बसणारं आहे. म्हणजे ऑइल चेंबर, आतला सक्शन पाइप, माउंटिंगची ब्रॅकेटं, क्लच आणि स्टार्टर हे सगळं जिप्सीचं लागणार. वर हेडच्या टोकाचे भाग फायरवॉलला भिडतात की नाही तेही पाहावं लागतं. क्रमांक १ चं इंजिन आणि २ चं वायरिंग असा जोड सुचला असेल तर सावध. सेन्सर, कपलरचे पिन आणि ईसीयूचा क्रमांक जुळतोय याची खात्री होईपर्यंत पैसे देऊ नका.

आता ११८ एनई. त्यात निसानचं ए१२, ११७१ सीसी, ५२ बीएचपी, कार्ब्युरेटरवालं. जुनाट वाटेल, पण मूळ १०८९ सीसीच्या इंजिनाला क्रँकची मेन बेअरिंगं तीन, याला पाच. हायवेवर तासभर एका लयीत पळवताना हा फरक कळतो. दुसरं म्हणजे शेवटच्या पद्मिनी एस१मध्ये कंपनीनेच निसानचा गिअरबॉक्स आणि फ्लोअर शिफ्ट दिला होता. भंगारात एस१ सापडली तर गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर आणि टनेलचा तुकडा उचला, अर्ध फॅब्रिकेशन वाचेल.

दीड लाखात माझं मत ११८ एनई. अख्खी गाडी मिळतेय म्हणजे रेडिएटर, अल्टरनेटर, क्लच, अॅक्सिलरेटरची केबल, सायलेन्सरचा पुढचा पाइप, नटबोल्टसुद्धा मिळाले. सुट्या इंजिनात पैसा जातो तो या चिल्लर वस्तूंवर. इंजिन-गिअरबॉक्सची किंमत एकूण बजेटच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेली की काम अर्ध्यावर अडकलंच समजा.

वायरमन_सातारा

एमपीएफआय घेणार असाल तर यादी आधी वाचा. ईसीयू, पूर्ण हार्नेस (वायरिंगचा जुडगा), मेन रिले, फ्युएल पंपाचा रिले, मॅप सेन्सर, थ्रॉटल पोझिशन, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, कॅम-क्रँकचे सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, चेक इंजिनचा दिवा आणि डायग्नॉस्टिक कपलर. हे सगळं एकाच गाडीचं हवं. नंतरच्या मॉडेलात इमोबिलायझर आहे. किल्ली, इमोबिलायझरचा डबा आणि ईसीयू ही त्रिमूर्ती एकत्र नसेल तर स्टार्टर फिरेल, गाडी चालू होणार नाही. हार्नेस काढताना कपलरपाशी वायर कापलेली दिसली तर तो माल सोडून द्या.

लोक फसतात ते पेट्रोलच्या लाइनमध्ये. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब अगदी किरकोळ, इंजेक्शनला साधारण अडीच ते तीन बार. जुना साधा होज क्लिपसकट निसटतो आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोलची पिचकारी उडते. इंजेक्शनच्या दाबाचाच होज, त्याला पट्टीची नव्हे तर गोल कडांची क्लिप, टाकीपर्यंत वेगळी रिटर्न लाइन आणि पंपाआधी जाळीचा फिल्टर. पद्मिनीच्या टाकीत इंजेक्शनच्या पंपाची सोय नाही. टाकी पाव भरलेली असताना घाटात वळण घेतलं की पंप हवा ओढतो आणि इंजिन गचके देतं. दीड लिटरचा सर्ज पॉट (पंपाजवळ पेट्रोल भरून ठेवणारा डबा) लावला की हा त्रास संपतो. पंपाचा रिले ईसीयूकडूनच चालवा, थेट इग्निशनवर नको. अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओतत राहणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

अर्थिंग: इंजिन ते बॉडी किमान १६ स्क्वेअर एमएमची पट्टी, खालचा रंग खरवडून. निम्मे ‘सेन्सर खराब’ इथेच बरे होतात. डायनॅमो काढून अल्टरनेटर येणार, तेव्हा जुना कटआउट काढून टाका. अल्टरनेटर ते बॅटरी १० स्क्वेअर एमएम वायर फ्यूजसह न्या. चार्जिंगचा दिवा विसरू नका. त्याच वायरमधून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, दिवा उडालेला असेल तर चार्जिंगच सुरू होत नाही.

आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी व ईसीयू दोन्हीचे कपलर काढा. वेल्डरला हे सांगावं लागतं, तो स्वतःहून काढत नाही.

मिरजकर_७६

खूप आभार. ११८ एनईकडे कल झुकतोय. दोन शंका. मागच्या एक्सलचा रेशो कसा काढायचा, प्लेट गंजलीय. आणि प्रोपेलर शाफ्ट जुनाच आखूड करून चालेल का?

लेथवाले_काका

रेशो: गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना अडसर लावा, मागचं एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवरच. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जितका फिरला तो रेशो. शाफ्टवर खडूने रेघ मारून मोजा.

समजा ४.३ निघाला आणि टायरचा परीघ १.८८ मीटर आहे. चौथा गिअर थेट, म्हणजे १:१. ३००० आरपीएमला वेग ताशी ७९ किलोमीटरच्या आसपास. जिप्सीच्या पाचव्या गिअरचा ०.७९५ धरला तर तोच आरपीएम ९९ देतो. म्हणून ११८ एनईचा पाच गिअरचा बॉक्स मिळाला तर चार गिअरवाला घेऊ नका. एक्सलला हात लावायची गरज नाही. ए१२च्या ताकदीला मूळ एक्सल पुरतो. जिप्सीचं ८० बीएचपी आलं आणि पहिल्यात क्लच झटक्यात सोडायची सवय असली तर हाफ शाफ्टची हमी कोणी देणार नाही.

शाफ्ट: पुढचा योक नव्या गिअरबॉक्सचा, मागचा फ्लँज पद्मिनीच्या पिनियनचा. गाडी चाकांवर उभी, मागे दोन माणसं बसवलेली, तेव्हाच लांबी मोजा. जॅकवर मोजलेली लांबी चुकते, पाटे खाली लोंबतात. त्या स्थितीत स्लिप योक (गिअरबॉक्समध्ये पुढे-मागे सरकणारं टोक) आत टेकायला अजून २० ते २५ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. नवे क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातले) टाका आणि मशीनवर बॅलन्स करून घ्या. नळी कापून दोन्ही टोकांचे योक एका रेषेत न जोडल्यास ६०च्या पुढे फ्लोअर थरथरतो आणि मालक टायर बदलत बसतो.

गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टची आणि पिनियनची रेषा समांतर हवी, फरक एक अंशाच्या आत. कोन मोजायला मोबाइलमधलं लेव्हल चालतं. क्रॉसवर एक ते तीन अंशांचा कोन चांगला. शून्यही नको, कारण मग क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी घासून खड्डे पाडतात.

माउंटिंग करताना चालू इंजिन टांगू नका. रिकामा ब्लॉक, चेंबर आणि गिअरबॉक्सचं कवच एवढंच बोल्टने जोडून खाली सोडा, ढकलायला हलकं पडतं. चेंबर आणि पुढच्या सस्पेन्शनच्या क्रॉसमेंबरमध्ये किमान २० मिलिमीटर, पंखा आणि रेडिएटरमध्ये ४०, एक्झॉस्ट आणि स्टिअरिंग बॉक्समध्ये २५ ठेवा. चेंबरचा खोलगट भाग क्रॉसमेंबरवर येत असेल तर इंजिन वर उचलून भागवू नका. बॉनेट लागत नाही आणि शाफ्टचा कोन बिघडतो. चेंबर कापून वेल्ड करा, त्यासोबत सक्शन पाइप हलवा, जाळी तळापासून ८ ते १० मिलिमीटरवर ठेवा आणि आत रॉकेल भरून रात्रभर गळती पाहा. ब्रॅकेट ५ मिलिमीटर प्लेटची, कोपऱ्यात त्रिकोणी आधार देऊन. रबर मूळ ११८ एनईचंच. घट्ट बसावं म्हणून कोणी नायलॉनचा बुश सुचवेल, त्याने आरसे थरथरतात आणि बॉडीच्या जोडांना तडे जातात.

कागदपत्रं_आधी

वर सगळे यंत्रावर बोलले. आरटीओचा प्रश्न तसाच राहिला.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाचा कडक अर्थ लावला. कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बेकायदा बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किंवा विजेच्या किटसाठी वेगळी तरतूद आहे, दुसऱ्या मॉडेलच्या पेट्रोल इंजिनासाठी तसा सरळ रस्ता नाही. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी तुमच्या आरटीओत लेखी अर्ज द्या, उत्तरही लेखीच घ्या. ‘एजंट करून देतो’ या वाक्यावर इंजिन विकत घेऊ नका. आरसीवरचा आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर अपघातात विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं, आणि पुढची नोंदणी अडते ती वेगळीच.

दुसरी गोष्ट. गाडी १९७६ची, म्हणजे २०२६मध्ये पन्नाशी. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळू शकतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. ए१२ घातलं की हा दरवाजा बंद. (रोजच्या वापराला व्हिंटेज नोंदणी चालत नाही, हेही लक्षात असू द्या.) काहीही करा, मूळ इंजिन विकू नका. प्लगची भोकं बंद करून, सिलिंडरमध्ये ऑइल ओतून कोरड्या जागी ठेवा.

११८ एनई घेताना मूळ आरसी, विक्रीची पावती आणि चासी-इंजिन नंबरचे ठसे घ्या. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालाच्या बाजारात असो की गावच्या भंगारात, पावती नसलेलं इंजिन हा उद्याचा पोलीस पंचनामा.

पाना_नंबर_१३

वरचं वाचून एक सुचवतो. इंजिन काढण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला सहा-सात झटके. मग प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा. आकडा चांगला वाढला तर रिंगा आणि बोअर गेलेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. आकडे आधीच ठीक असतील आणि धूर फक्त सकाळी चालू करताना किंवा उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर येत असेल तर व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल उतरतंय. तेवढ्यासाठी इंजिन बदलणं म्हणजे उवांसाठी डोकं कापणं.

बोअरिंग, ओव्हरसाइझ पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, अंडरसाइझ बेअरिंगं, हेड फेसिंग, नवा ऑइल पंप आणि रेडिएटरचा नवा कोअर हे सगळं धरूनही खर्च दुसरं इंजिन बसवण्यापेक्षा कमी येतो आणि आरसी जशीच्या तशी राहते. गिअरचं लिंकेज ढिलं असेल तर बुश आणि रबरं बदला, बहुतेक वेळा दांडा नव्यासारखा पडतो.

मिरजकर_७६

आज कॉम्प्रेशनचा गेज लावला. सिलिंडर १ ते ४, पीएसआयमध्ये: १३५, १३०, ८०, ८५. ऑइल घातल्यावर तिसरा-चौथा जवळजवळ होते तिथेच. पाण्यात ऑइल दिसत नाही.

लेथवाले_काका

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले आणि ऑइलनेही उठले नाहीत. आधी तिसऱ्या-चौथ्याच्या मधलं हेड गॅस्केट संशयात घ्या. हेड उतरवा, स्टीलची पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून ०.०५ मिलिमीटरचा फीलर घाला. गेला तर फेसिंग लागणार. मधल्या भागात काळा पट्टा दिसला की गॅस्केट तिथेच उडालंय. व्हॉल्व्हवर पेट्रोल ओतून पोर्टमधून गळतंय का तेही तेव्हाच बघा. ऑइल पिण्याचं कारण मात्र गॅस्केट नाही. हेड हातात असताना गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून पाहा आणि बोअर वरून, मधून, खालून मोजा. बोअरचे आकडे इथे टाका, मग ११८ एनईवाल्याला फोन करायचा की नाही ते ठरवू. तोवर त्याला टोकन देऊ नका.