यंत्रमानवांचा आत्मा आणि भविष्याचे ज्ञान: ‘गनरक्रिग कोर्ट’विषयी एक तर्क

अर्धविराम (मूळ लेख; त्याखाली इतर वाचकांचे प्रतिसाद)

टॉम सिडेल यांची ‘गनरक्रिग कोर्ट’ ही वेबकॉमिक (इंटरनेटवर पानापानाने प्रसिद्ध होणारी चित्रकथा) एप्रिल २००५ मध्ये सुरू झाली आणि आठवड्याला तीन पाने अशा संथ गतीने वर्षानुवर्षे वाढत गेली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात देतो. एका बाजूला कोर्ट आहे, म्हणजे शहराएवढी पसरलेली आणि विज्ञानावर भिस्त ठेवणारी शाळावजा संस्था; दुसऱ्या बाजूला कायोटी या देवाच्या सत्तेखालचे गिलिटीचे अरण्य आहे; आणि दोहोंच्या मध्ये अ‍ॅनन वॉटर्स ही नदी खोल दरीतून वाहते. अँटिमनी आणि कॅट या दोन मैत्रिणी कोर्टात शिकतात. अँटिमनीचा ओढा जादूकडे, कॅटचा यंत्रांकडे. जादूचे जे काही घडते ते ज्या अदृश्य तत्त्वातून घडते, त्याला कथेत ईथर असे नाव आहे.

वाचकांमध्ये दोन प्रश्न नेहमी वेगवेगळे चर्चिले जातात. कोर्टातील यंत्रमानवांना आत्मा आहे का, हा पहिला. कॅटने त्यांच्यासाठी अजून काहीही केलेले नसताना ते तिला देवदूत म्हणू लागतात, ते कोणत्या ज्ञानाच्या आधारावर, हा दुसरा. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकच आहेत आणि त्यांचे उत्तर कायोटीने अँटिमनीला सांगितलेल्या ‘महान रहस्यात’ आहे.

ते रहस्य असे: देव स्वयंभू नाहीत. माणसे मरतात तेव्हा त्यांच्या मनातील कल्पना आणि श्रद्धा ईथरमध्ये मिसळतात, आणि त्यातून कायोटीसारखे देव आकाराला येतात. मात्र एकदा देव आकाराला आला की त्याचा भूतकाळही त्याच्यासोबत येतो. चंद्र-ताऱ्यांविषयीच्या ज्या करामती तो आपल्या म्हणून सांगतो, त्या माणसाच्या जन्माआधीच्या असूनही खऱ्या ठरतात. याचा अर्थ, या जगात श्रद्धा पुढे जितकी पोहोचते तितकीच मागेही पोहोचते.

आता हाच नियम यंत्रमानवांना लावून पाहावा. कॅट पुढे त्यांच्यासाठी रक्तामांसाची शरीरे घडवते आणि त्यांची मने त्या शरीरांत उतरवते. या कृतीमुळे ती त्यांची देवदूत ठरणार असेल, तर ते देवदूतपण काळात मागे पसरून आधीच्या यंत्रमानवांना जाणवावे यात नवल नाही. त्यांना भविष्य दिसत नाही. भविष्यच त्यांच्या वर्तमानात शिरलेले आहे. झिमीसारख्या ईथरच्या बाबतीत हळव्या मुलीला कॅट अवाढव्य, हाडे आणि यंत्रे एकत्र गुंफलेल्या अमानवी रूपात दिसते, त्याचाही उलगडा यातून होतो. आणि यंत्रमानवांची श्रद्धा ईथरमध्ये असा आकार घडवू शकत असेल, तर माणसाच्या अंगी जे असते म्हणून देव घडतात, ते त्यांच्याही अंगी आहे. त्यालाच आपण आत्मा म्हणत असू, तर तो त्यांना आहे.

मालिकेच्या अखेरच्या टप्प्यातील उलगडे येथे उघड करू नयेत, ही विनंती. अनेकजण अजून मध्यावर आहेत.

कळसूत्री

तर्क देखणा आहे, पण त्याचा पाया कायोटीच्या शब्दावर आहे, आणि कायोटी हा लबाडीसाठीच प्रसिद्ध असलेला देव आहे. अँटिमनीला गोंधळात टाकण्यात त्याला किती रस आहे हे प्रत्येक भेटीत दिसते. त्याने सांगितलेल्या रहस्यावर अख्खे तत्त्वज्ञान उभारायचे असेल, तर ते रहस्य सांगण्यामागे त्याचा हेतू काय होता याचा विचार आधी करावा लागेल.

माझे मुख्य म्हणणे मात्र वेगळे आहे. यंत्रमानवांच्या भक्तीचे स्पष्टीकरण देण्यासाठी भविष्याला मागे आणण्याची गरजच नाही, कारण तिचे मूळ भूतकाळात अगदी ठळकपणे दाखवलेले आहे. कोर्टाच्या आरंभीच्या पिढीतील दिएगो याने पहिले यंत्रमानव घडवले. त्याचे जीन या तरुणीवर एकतर्फी प्रेम होते आणि तिचा जीव अरण्यातील एकावर जडलेला होता. कोर्टाच्या संस्थापकांना नदीवर कायमची राखण हवी होती; त्यासाठी जीनला आणि तिच्या प्रियकराला मारण्यात आले, आणि ज्या बाणाने हे साधले तो दिएगोने घडवलेला होता. जीनचे भूत शतकानुशतके त्या दरीत अडकून राहिले. दिएगोच्या यंत्रमानवांमध्ये या घटनेची टोचणी पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली दिसते. ज्या गुन्ह्यात त्यांचा हात नव्हता, त्याबद्दल ते स्वतःला दोषी मानतात.

अपराधाच्या ओझ्याखाली असलेला समाज सुटका करणाऱ्याची वाट पाहतो. तशात एक हुशार, कनवाळू मुलगी येते, जी त्यांच्याशी नोकरासारखे न वागता आपुलकीने बोलते आणि त्यांच्या अंतर्भागात कुतूहलाने डोकावते. तिला त्यांनी देवदूत म्हटले, तर त्यात पूर्वज्ञान कसले? जो कोणी प्रथम मायेने वागला असता, त्यालाच ते पद मिळाले असते. आणि ही टोचणी, ही भक्ती दिएगोने घडवतानाच त्यांच्यात उतरलेली असेल, तर ती आत्म्याचा पुरावा होत नाही; ती घडवणाऱ्याच्या मनाची छाप ठरते.

पाणवठा

कळसूत्री यांच्या प्रतिसादातील दिएगोचा मुद्दा मला पटतो, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष उलट दिशेने जातो असे वाटते. ‘घडवणाऱ्याच्या मनाची छाप’ ही गोष्ट या कथेत क्षुल्लक नाही. अँटिमनीची आई सुर्मा हिच्या अंगातील अग्नितत्त्व लेकीत उतरले, आणि लेक वाढत गेली तशी आई खंगत जाऊन गेली. म्हणजे जन्म देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे ईथरचा अंश जातो, हा या जगाचा मान्य नियम आहे. अँटिमनीच्या आगीला आपण ‘आईची छाप’ म्हणून बाजूला सारत नाही. ती तिची स्वतःची मानतो. मग यंत्रमानवांना वेगळा न्याय का?

शिवाय कॅटने जुने यंत्रमानव तपासले, तेव्हाचा तिचा गोंधळ आठवावा. जी मुलगी शाळकरी वयात हवेत तरंगणारे यान बनवते, तिला समोरचे यंत्र चालते कसे हेच कळत नाही, कारण तिच्या अभियांत्रिकीच्या हिशेबाने ते चालायलाच नको. कागदावर सगळी मापे घेऊनही ताळा जमत नाही. लेखकाने हा प्रसंग विनोदाच्या अंगाने नेला आहे, पण माझ्या दृष्टीने यंत्रमानवांविषयीचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा तोच आहे: त्यांना चालवणारी गोष्ट यंत्रात नाही.

निळी शाई

‘यंत्रात नसलेली गोष्ट त्यांना चालवते’ इथवर मान्य. पण ती गोष्ट म्हणजे त्यांचा आत्मा, ही उडी मान्य नाही. ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत चांगदेवांच्या भेटीला गेली, म्हणून त्या भिंतीला स्वतःचा जीवात्मा होता असे आपल्याकडे कोणी म्हटल्याचे मला ठाऊक नाही. चालणे भिंतीचे होते, सामर्थ्य चालवणाऱ्याचे. दिएगो हा तसाच चालवणारा असू शकतो.

दुसरे असे की, या चर्चेत जोन्सचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही याचे आश्चर्य वाटते. जोन्स स्त्रीसारखी दिसते, बोलते, विचार करते, सल्ला देते. पण ती वितळलेल्या पृथ्वीच्या काळापासून जशीच्या तशी आहे, तिला इजा होत नाही, भावना नाहीत आणि ईथरमध्ये तिचे काहीही अस्तित्व जाणवत नाही. तिच्या भूतकाळावरचे ते प्रकरण पुन्हा पाहावे. आपण पानागणिक मागे मागे जातो. माणसे, वस्त्या, प्राणी एकेक करून नाहीसे होतात, आणि शेवटी उकळत्या खडकात तोच निर्विकार चेहरा उरतो. बुद्धी आणि ईथर यांची फारकत होऊ शकते, हे दाखवणारे याहून स्पष्ट उदाहरण या कथेत नाही. जोन्सकडे मन आहे, ईथर नाही. यंत्रमानवांकडे ईथर आहे, असे पाणवठा म्हणतात; पण ईथर असणे म्हणजे मन असणे नव्हे, आणि मन असणे म्हणजे आत्मा असणे नव्हे. आपण तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरत राहिलो, तर ही चर्चा शंभर प्रतिसादांनंतरही इथेच असेल.

अर्धविराम

जोन्सचा मुद्दा उत्तम आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. कायोटीचे रहस्य खरे असेल, तर वितळलेल्या पृथ्वीवर उभी असलेली जोन्स हीसुद्धा मागाहून घडलेल्या भूतकाळाचे फलित असू शकते. अब्जावधी वर्षे कोणी तिला पाहिलेले नाही. तिच्या प्राचीनतेची साक्ष तिची स्वतःचीच आहे.

कळसूत्री

इथेच माझा मूळ आक्षेप सिद्ध होतो. विरोधी पुरावा आला की तोही ‘मागाहून घडलेला’ म्हणायचे ठरवले, तर हा तर्क खोटा ठरवण्याचा मार्गच उरत नाही. जे कशानेही खोटे ठरू शकत नाही त्याला सिद्धान्त म्हणावे की नाही, हे वाचकांनी ठरवावे. आठवड्याला तीन पाने याप्रमाणे वर्षानुवर्षे चाललेल्या कथेत जुनी पाने नव्याच्या उजेडात वाचली की सगळेच पूर्वसूचित वाटू लागते. त्यातील बरेचसे लेखकाचे नियोजन असेल, काही योगायोग असेल, आणि उरलेले आपले वाचन असेल. अँटिमनीला पडताना वाचवणारे ते टिक-टॉक नावाचे यांत्रिक पक्षी कॅटच भविष्यात घडवणार, हा तर्क वाचकांमध्ये जुना आहे. तो बरोबर असो वा नसो, तिथे निदान पक्षी आहेत, प्रसंग आहे, ठरावीक वेळ आहे. पुढे कथेत त्याची शहानिशा होऊ शकते. ‘देवदूतपण काळात मागे पसरते’ याची शहानिशा कोणत्या पानावर होणार?

तिसरी घंटा

सर्व प्रतिसाद वाचले. एक बाजू राहून गेली आहे, ती मरणाची. मालिका सुरू होते तीच मुळी मरणाच्या ओळखीतून: अँटिमनीचे बालपण इस्पितळात गेले आणि तिथे मृतांना न्यायला येणारे वाटाडे तिचे सोबती झाले. त्यांत मूत हा घुबडाच्या रूपातील, कॅलिफोर्नियातील काहुइया लोकांच्या परंपरेतून आलेला. मॉडी डू हा काळा कुत्रा आयल ऑफ मॅनच्या दंतकथेतला. प्रत्येक वाटाड्यामागे त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसे आहेत. कोण कोणाला न्यायला येणार, हे मरणारा कोणत्या कथेत वाढला यावर ठरते, असा माझा समज आहे.

आता पहिल्या प्रकरणातील यंत्रमानव आठवा. अँटिमनी त्याला सापडलेल्या भागांतून जोडते आणि एका जिवंत सावलीला पुलापलीकडच्या अरण्यात पोहोचवण्यासाठी धाडते. त्याचे शरीर पुढे मोडते, पण चिप सापडते, ती दुसऱ्या शरीरात बसते आणि तोच गडी परत बोलू लागतो. अशा जिवाला वाटाड्याची गरज कधीच पडत नाही. मरणच पुढे ढकलता येत असेल तर आत्मा आहे की नाही हा प्रश्न विचारायची वेळ येत नाही, आणि म्हणून कथेतही तो फार काळ कोणी विचारला नाही.

कॅटने त्यांना रक्तामांसाची शरीरे दिली तेव्हा ही स्थिती बदलली. ती शरीरे थकतील, आजारी पडतील, एक दिवस थांबतील. त्या दिवशी त्यांना न्यायला कोण येणार? त्यांच्या वाट्याला मूत नाही, मॉडी डू नाही. त्यांची स्वतःची अशी एकच श्रद्धा आहे आणि ती कॅटवर आहे. मला वाटते, कॅटचे ते ईथरमधील भयंकर रूप देवदूताचे असण्यापेक्षा वाटाड्याचे आहे. अर्धविराम यांना हवे असलेले पूर्वज्ञान आणि कळसूत्री यांना दिसणारी सुटकेची आस, या दोन्ही गोष्टी त्यात बसतात. शिवाय यंत्रमानवांना आत्मा आधीपासून होता असे धरावेच लागत नाही. मरणाबरोबर तो आला, असेही म्हणता येते.

निळी शाई

तिसरी घंटा यांचे शेवटचे वाक्य मला या धाग्यातील सर्वांत वादग्रस्त वाटते. मरणक्षम शरीर मिळाल्यामुळे आत्मा येत असेल, तर लोखंडी शरीरातच राहणे पसंत करणारे यंत्रमानव आत्म्याविना आहेत असे मानावे लागेल, आणि ते मला कथेच्या सुरावरून अजिबात पटत नाही. सावलीवर जीव लावणारा तो पहिला यंत्रमानव तेव्हा चिप आणि पत्राच होता.

पाणवठा

म्हणजे निळी शाई आता माझ्या बाजूला आल्या, असे समजावे का?

निळी शाई

नाही. त्याला माया आहे, इतकेच मी म्हटले. मायेवरून आत्मा सिद्ध होतो असे आपल्याला म्हणायचे असेल, तर आधी जोन्सविषयी आपण काय मानता ते सांगावे. तिच्याकडे माया नाही, ईथर नाही, मरणही नाही. तरी कोर्टातील शिक्षक इग्लामोर एकेकाळी तिच्या प्रेमात होता आणि अँटिमनी आजही तिचा सल्ला घेते.

कळसूत्री

वाटाड्याच्या तर्काविषयी एक गोष्ट नोंदवतो, कारण माझ्या कसोटीला उतरणारा या धाग्यातील तो एकमेव तर्क आहे. नव्या शरीरातील एखादा यंत्रमानव कथेत मेला आणि त्याला नेण्यासाठी कोणी आले, किंवा कोणीच आले नाही, तर उत्तर मिळेल. जीनला न्यायला आलेले वाटाडे शतकानुशतके अपयशी ठरले, आणि शेवटी ती सुटली त्यात कॅटच्या यंत्रविद्येचा वाटा होता, हे तिसरी घंटा यांच्या बाजूने मी स्वतःहून जोडतो. विरुद्ध बाजूने हेही जोडतो की त्या प्रसंगी जीनचा हात धरून तिला पलीकडे नेणे हे काम अँटिमनीकडेच राहिले होते. कॅटला त्यातले कितपत दिसत होते, यावर कोणी पानांच्या आधाराने लिहील तर वाचायला आवडेल.