जुन्या ट्रकमधून काढलेली एससीआर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी) यंत्रणा पुन्हा बसवायची आहे, जाणकारांचे मार्गदर्शन हवे

नमस्कार.

दिवाळीनंतर मी एक वापरलेला दहाचाकी ट्रक विकत घेतला. नोंदणी २०१८ सालची, इंजिन बीएस-४ (प्रदूषण-मर्यादेचा चौथा टप्पा), कागदपत्रे व्यवस्थित. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून वाशीच्या बाजारात न्यायचा आणि परतीला मिळेल तो माल घेऊन कसारा घाट चढायचा, असा आमचा नेहमीचा फेरा असून गाडी माझा धाकटा भाऊ चालवतो.

तीन आठवड्यांनी त्याच्या लक्षात आले की युरियाच्या टाकीचा काटा पहिल्या दिवशी जिथे होता तिथेच आहे. आमच्या आधीच्या गाडीला शंभर लिटर डिझेलमागे चार-पाच लिटर डेफ (धुरात फवारायचे युरियाचे द्रावण) लागत असे, त्यामुळे शंका आली. झाकण उघडले तर टाकी कोरडी होती आणि तळाला पांढरे खडे घट्ट बसले होते. इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासले तेव्हा डोझिंग पंपाची (डेफ फवारणाऱ्या पंपाची) वायर कापलेली आढळली आणि तिच्या जागी एक छोटी काळी डबी जोडलेली दिसली. ही डबी इंजिनच्या ईसीयूला (नियंत्रण करणाऱ्या संगणकाला) 'टाकी भरलेली आहे, फवारणी चालू आहे' असे खोटे संकेत देत होती. सायलेन्सरच्या बाजूला वेल्डिंगचा जुना जोड आहे आणि ठोकून पाहिल्यास आवाज पोकळ येतो, म्हणजे आतला कॅटॅलिस्टही (धुरातल्या वायूवर प्रक्रिया करणारा भाग) काढून घेतलेला असावा.

मी तीन गॅरेजमध्ये विचारले. तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळाले : पीयूसी मिळते आहे ना, मग कशाला खर्च करता? पीयूसी मिळते हे खरे आहे, आणि माझ्या मते खरी अडचण नेमकी तीच आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. एससीआरवर चालणारे इंजिन मुळातच जास्त उष्णतेवर डिझेल पूर्ण जाळण्यासाठी जुळवलेले असते, त्यामुळे काजळी कमी होते, डिझेलही वाचते, मात्र नायट्रोजन ऑक्साइड भरपूर तयार होतात. पुढे गरम धुरात डेफ फवारले की त्याचा अमोनिया होतो आणि कॅटॅलिस्टवर त्या ऑक्साइडचे साधे नायट्रोजन आणि पाणी होते. हा पुढचा भाग काढला की धूर स्वच्छ दिसतो, पण डोळ्यांना न दिसणारा वायू पूर्ण प्रमाणात बाहेर पडतो. नायट्रोजन ऑक्साइडची बीएस-३ची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ५ ग्रॅम होती, बीएस-४ची ३.५ ग्रॅम आहे, आणि यंत्रणा काढलेली अशी गाडी बीएस-३पेक्षाही वाईट ठरू शकते. वाशीत गाड्या रांगेत लागतात, इंजिने चालू असतात आणि माथाडी कामगार त्यांच्या मधूनच गोण्या वाहतात. हे मी रोज पाहतो, म्हणून हा प्रश्न मला सोडून देता येत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) प्रमाणे बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. आधीच्या मालकांना विचारले तर ते म्हणतात, "मी घेतली तेव्हाही अशीच होती." बदल मी केलेला नाही, पण आज आरसी माझ्या नावावर आहे, तेव्हा फिटनेसच्या वेळी किंवा रस्त्यावरच्या तपासणीत जबाबदारी कोणाची धरली जाते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

आता मुख्य प्रश्न. टाकीतले खडे पाहून वाटते की कोणीतरी शेतीचा युरिया पाण्यात कालवून ओतत होते. २०१५पासून अनुदानित युरियाला सरसकट कडुनिंबाचा लेप असतो, म्हणजे तो डेफला लागतो तसा शुद्ध नसतो. खऱ्या डेफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असते. खताच्या द्रावणाने नोझल तुंबते आणि कॅटॅलिस्ट खराब होतो. बहुधा त्याच बिघाडाला कंटाळून सगळेच काढून टाकले असावे. अशा टाकीला कोमट शुद्ध पाण्याने वारंवार धुणे पुरेसे आहे का, की पंप, फिल्टर आणि नळ्या सरळ बदलणेच बरे? कॅटॅलिस्टसह नवा सायलेन्सर फार महाग सांगितला आहे. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून वापरलेला घेतला तर तो जिवंत आहे हे बसवण्यापूर्वी कसे ओळखायचे?

भर : दोन प्रतिसादांत डबी परत लावण्याचा सल्ला आला आहे. सल्ल्यामागची आपुलकी समजते, पण ते मला करायचे नाही. डबी काढून चाचणी घेतली तेव्हा इशाऱ्याचा दिवा लागला आणि थोड्या वेळाने गाडीची ताकदही कमी झाली, म्हणजे यंत्रणा बंद असल्याचे ईसीयूला कळते. याचा अर्थ ईसीयूचा मूळ प्रोग्रॅम शाबूत आहे, असे मी समजतो. हा अंदाज चुकीचा असेल तर जरूर दुरुस्त करावा, कारण ईसीयू पुन्हा प्रोग्रॅम करावा लागणार असेल तर तो खर्च आधीच धरावा लागेल. गाडी सध्या दारात उभी आहे आणि बँकेचा हप्ता चालू आहे. नाशिक परिसरात एससीआरचे काम खात्रीने करणारा मेकॅनिक कोणाच्या माहितीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.