बीएसएफ अळ्या क्रेटच्या भिंती चढून पळतायत

परसदार_रत्नागिरी:
ब्लॅक सोल्जर फ्लाय (बीएसएफ, जिच्या अळ्या ओला कचरा खातात ती माशी) हिच्या ५ दिवस वयाच्या साधारण १०,००० अळ्या ६० × ४० × १७ सेंमीच्या क्रेटमध्ये आहेत. खानावळीचा कचरा (भात, भाजीची देठं, उरलेली आमटी) दळून एकदम १५ किलो घातला. तिसऱ्या रात्री अळ्या कडेवरून बाहेर! तळाला पाणी, आंबूस वास. घट्ट झाकण लावू का?

काळीमाशी:
झाकण मुळीच नको, गुदमरतील. आधी पळणाऱ्यांचा रंग बघा. गडद तपकिरी अळी कोषात जायला कोरडी जागा शोधते, ते ठीकच. तिसऱ्या रात्री मात्र पांढुरक्याच असणार, म्हणजे खाली चिखल झालाय.

१५ किलोचा हिशोब चुकलेला नाही, पण तो १२ दिवसांचा आहे. एआवाग या स्विस संस्थेच्या पद्धतीत क्रेट एवढीच, अळ्याही तेवढ्याच. कचरा मात्र पहिल्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी विभागून. थर ५ सेंमीच्या वर गेला की तळाशी हवा पोचत नाही, वास तिथूनच येतो.

आता निम्मा लगदा अळ्यांसकट दुसऱ्या क्रेटमध्ये काढा. यापुढे आमटी गाळूनच. मूठभर लगदा घट्ट पिळा: दोनचार थेंब आले तर बरोबर, धार लागली तर गव्हाचा कोंडा मिसळा. लाकडाचा भुसा पाणी शोषतो, पण अळ्या तो खात नाहीत.

शेणामाती:
भिंती पुसून कोरड्या ठेवा. कोरड्या गुळगुळीत प्लास्टिकवर अळी घसरते, ओलीवर सरसर चढते. वर मच्छरदाणीचं कापड बांधा. क्रेट एकावर एक रचत असाल तर मध्ये फट हवी. अळ्यांच्या गर्दीने लगदा स्वतःच तापतो आणि उष्णतेनेही त्या पळतात.

परसदार_रत्नागिरी:
निम्मा काढला. शेवटी अळ्या चाळून काढल्यावर उरेल ते थेट कुंड्यांत चालेल?

काळीमाशी:
नको, ते कच्चं असतं, रोपं करपतील. गांडुळांच्या वाफ्यात घाला किंवा ढीग करून मुरू द्या. चाळण्याआधी दोन दिवस कचरा बंद ठेवा, नाहीतर ओला लगदा चाळणीला चिकटतो. नारळाच्या शेंड्या, कोयी, हाडं आधीच वेगळी काढा. ती जशीच्या तशी उरतात. अळ्या कोंबड्यांना द्यायच्या असतील तर उकळत्या पाण्यातून काढून वाळवा.