कार्यालयीन अनुभवावर घरून व्हर्च्युअल असिस्टंटचे काम मिळेल का?

प्रश्न (कोथरूड) :
नमस्कार. भोसरीतील एका कारखान्याच्या कार्यालयात मी नऊ वर्षे नोकरी केली. पुरवठादारांशी पत्रव्यवहार, मालवाहतुकीचा पाठपुरावा, टॅलीमधील नोंदी आणि साहेबांच्या बैठकांचे वेळापत्रक हे सर्व माझ्याकडे होते. सासूबाईंच्या आजारपणामुळे दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली. आता परदेशी ग्राहकांसाठी घरून व्हर्च्युअल असिस्टंट म्हणून, म्हणजे इंटरनेटवरून त्यांची कार्यालयीन कामे सांभाळण्याचे, काम करण्याचा विचार आहे, परंतु मी इंग्रजी नीट लिहीत असले तरी बोलताना अडखळते. शिवाय एका संस्थेने सात हजार रुपये शुल्क भरून प्रशिक्षण घेतल्यास पहिला ग्राहक मिळवून देण्याची हमी दिली आहे. पैसे भरावेत का?

उत्तर (सिंहगड रस्ता) :
ताई, कृपा करून ते सात हजार भरू नका. अनोळखी परदेशी ग्राहक तुम्हाला काम देईल, याची हमी कोणतीही संस्था देऊ शकत नाही. पैसे गेलेच असतील, तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवा.

मी पाच वर्षे हे काम करत आहे. ‘सर्व प्रकारची कामे करते’ असे लिहून सुरुवात केली, तेव्हा सहा महिने कोणी विचारले नाही. ‘थकलेल्या बिलांचा पाठपुरावा करते’ एवढेच लिहिल्यावर पहिला ग्राहक मिळाला. तुमच्याकडे तर पुरवठादार आणि वाहतूक या दोन्हींची जाण आहे आणि परदेशातील लहान ऑनलाइन दुकानदाराला नेमके तेच हवे असते, कारण माल कुठे अडकला आहे हे विचारत बसायला त्याला वेळ नसतो. नमुना म्हणून एक तक्ता तयार करा : पुरवठादार, मागणीची तारीख, माल पोहोचण्याची तारीख, शेवटचे स्मरणपत्र आणि पुढचे पाऊल. त्यातील नावे व आकडे काल्पनिक असावेत. जुन्या कार्यालयाची खरी माहिती कुणालाही दाखवू नका, कारण नवा ग्राहक त्यावरूनच तुमची विश्वासार्हता जोखतो.

बोलण्याची फार चिंता करू नका. माझे बहुतेक काम लेखीच चालते आणि पहिल्या कॉलपूर्वी मी चार वाक्ये कागदावर लिहून समोर ठेवत असे.

घड्याळाकडे मात्र बारकाईने लक्ष द्या. मार्चमध्ये अमेरिकेतील घड्याळे दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि ब्रिटनमधील शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या काळात लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातील पाच तासांचे अंतर चार तासांवर येते. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हते. न्यूयॉर्कची मंडळी कॉलवर येऊन बसली आणि माझ्या लंडनच्या ग्राहक बाई तासाभराने उगवल्या. चूक माझी होती, ती मी त्याच दिवशी लेखी कबूल केली आणि तेव्हापासून प्रत्येक निमंत्रणात दोन्ही शहरांची वेळ लिहिते. गुरुवारी आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडून घ्या.

उत्तर (कर सल्लागार, सदाशिव पेठ) :
परकीय चलनात मिळाले तरी ते तुमचे करपात्र उत्पन्नच असते, हे गृहीत धरून पहिल्या महिन्यापासून हिशेब ठेवा. सेवा देणाऱ्यांना वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. पुढे नोंदणी घेतल्यास निर्यात केलेल्या सेवेवर शून्य दराने कर लागतो, मात्र कर न भरता निर्यात करण्यासाठी एलयूटी (जीएसटी विभागाला द्यायचे हमीपत्र) दाखल करावे लागते. या कामासाठी स्वतंत्र बँक खाते उघडा आणि परदेशातून रक्कम जमा झाल्याचा दाखला प्रत्येक वेळी मागून घ्या. वर्षअखेरीस एकदम गोळा करताना फार दमछाक होते.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. पैसे भरलेले नाहीत आणि आता भरणारही नाही. सायंकाळी सहा ते आठ सासूबाईंचा व्यायाम आणि जेवण असते, ती वेळ मला सोडता येणार नाही.

उत्तर (सिंहगड रस्ता) :
मग ब्रिटनमधील ग्राहक शोधा. तेथील सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच, त्यामुळे सहापर्यंत किमान साडेतीन तास सलग मिळतात. न्यूयॉर्कचे नऊ आपल्याकडे सायंकाळी साडेसहा किंवा साडेसातला वाजतात, ते तुम्हाला जमणार नाही. सहानंतर उपलब्ध नसल्याचे पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहा. माझ्या ग्राहकांनी अशी अट आजवर विनातक्रार मान्य केली आहे. तक्ता तयार झाला की येथे टाका, मी पाहून सांगेन.